पेट्रोल नेमकं सांडतं कुठे?

मोटारसायकलची टाकी उतरवायची तर तिच्यातलं पेट्रोल आधी काढायचं की नाही, या एका प्रश्नावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक वाद बरीच वर्षं चालू आहे. एका बाजूला गॅरेजचे मिस्त्री, मिसरूड फुटायच्या आधीपासून पाना हातात घेतलेले. दुसऱ्या बाजूला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले सर. सरांची बुलेट याच गॅरेजात येते, म्हणजे मिस्त्रींच्या हातावर त्यांचा विश्वास आहे, पद्धतीवर नाही. दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये मीही बोललो आहे.

निमित्त होतं कार्बोरेटरवाल्या जुन्या पल्सर १५० चं. टॅपेटचा आवाज येत होता. तिचं इंजिन उभं, हेड थेट टाकीच्या पोटाखाली, त्यामुळे टॅपेटला हात घालायचा तर टाकी हलवावीच लागते. स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीला ही कटकट नाही.

मिस्त्री : कॉक बंद कर, पाईप काढ, मागचा बोल्ट काढ, उचल टाकी. चहा यायच्या आत काम झालं. ह्यात पेट्रोल काढायचा संबंध कुठं येतोय?

सर : संबंध असा, की येताना टाकी भरून आणलीय. १५ लिटरची टाकी. लिटरला पाऊण किलो धरा, म्हणजे नुसतं पेट्रोलच ११ किलोच्या पुढे, वर पत्र्याचं वजन. आणि ते ११ किलो एका जागी बसत नाही. तुम्ही वाकलात की पुढे धावतं, सरळ झालात की मागे. तोल जातो तो त्या हिसक्यानं.

मिस्त्री : तोल जायला मी काय नवीन हाय? आणि तुम्ही म्हणता तसं करायचं तर हे पंधरा लिटर बोटाएवढ्या पाईपातनं कॅनमध्ये सोडत बसायचं. अर्धा तास तोंड उघडं. नंतर परत कॅनमधनं टाकीत. म्हणजे तेच पेट्रोल दोनदा उघड्यावर. माझ्या पद्धतीत उघड्यावर येतंय किती? पाईपात असतंय तेवढं. चमचाभर.

इथे मिस्त्रींचा मुद्दा वजनदार आहे हे मान्य करायला हवं. पेट्रोल सांडू नये म्हणून ते आधी बाहेर काढायचं, यात एक विसंगती आहेच. प्रत्येक ओतणं ही सांडण्याची एक नवी संधी. पण मिस्त्रींचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे : कॉक बंद म्हणजे बंद. सरांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.

सर : कॉकच्या आत काय असतं? भोकं पाडलेली एक रबरी चकती आणि तिच्यावर दाबून फिरणारा दांडा. ती चकती कडक झाली, तिच्यावर गंजाचा कण बसून चरा पडला, की दांडा बंदवर असला तरी पाझर चालूच. चालवणाऱ्याला कधी कळत नाही, कारण खाली कार्बोरेटरचा फ्लोट पेट्रोल अडवून धरतो. तुम्ही पाईप काढलात की तो अडसर गेला. आता टाकी तुमच्या दोन्ही हातांत आणि कॉकमधून धार. सोडणार कशी आणि धरणार कशी?

मिस्त्री : म्हणून तर मी आधी बघतोय की. कॉक बंद करायचा, इंजिन चालू ठेवायचं. वाटीतलं पेट्रोल संपलं की काही मिनटात गाडी आपोआप बंद पडती. पडली तर कॉक चांगला. बंदच पडंना, तर कॉक गेलाय. वर आणि पाईप रिकामा, कार्बोरेटर रिकामा. एका दगडात दोन पक्षी.

सर : आणि तिसरा पक्षी विसरलात. इंजिन तापलं. एअर कूल्ड इंजिन, त्याच्या फिन्सवर, सायलेन्सरच्या बेंडवर आता पेट्रोलचा थेंब पडू नये म्हणून आपण हे सगळं करतोय, आणि सुरुवातच ते तापवून करायची?

मिस्त्री : मग थांबायचं की थोडं.

सर : थोडं म्हणजे किती? हात टेकवता आला पाहिजे. बेंडला हात. आणि दुसरं, तुमची ही परीक्षा मोठी गळती पकडते, बारीक नाही. मिनिटाला चार थेंब गळणाऱ्या कॉकवर गाडी चालणार नाही, ती बंद पडेल, आणि तुम्ही म्हणाल कॉक चांगला. पाईपाचं खालचं टोक काढून बाटलीत सोडा, कॉक बंद ठेवून पाच मिनिटं बघा. थेंब नाही आला तर मी तुमच्याबरोबर.

मिस्त्रींनी यावर काही उत्तर दिलं नाही, पण बाकड्याखालून एक काचेची बाटली ओढली. वाद घालणाऱ्या माणसाचा प्रामाणिकपणा मी अशा हालचालींवरून मोजतो. थेंब आला. मग दुसरा.

सर : आता?

मिस्त्री : आता काढायचं पेट्रोल. कॉक गळतोय तर काढायला लागतंय, मी कधी न्हाई म्हटलं?

म्हणजे वाद मिटला का? अजिबात नाही. कसं काढायचं, यावर तो जास्तच तापला.

कॉकमधून पेट्रोल काढताना नवखा माणूस एक चूक हमखास करतो. दांडा 'ऑन'वर ठेवतो, धार थांबली की टाकी रिकामी झाली असं समजतो. 'ऑन'ची वाट म्हणजे टाकीच्या आत उभी असलेली नळी; पेट्रोलची पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की धार बंद. खाली रिझर्व्हचं पेट्रोल तसंच. ते काढायचं तर दांडा 'रिझर्व्ह'वर फिरवावा लागतो, त्याचं भोक तळाला असतं. इतपत दोघांनाही सारखंच ठाऊक होतं. पण त्यानंतरही टाकी रिकामी होत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.

सर : टाकी खालून बघितलीय कधी? खोगिरासारखी असते. मधून चासीची नळी जाते, दोन बाजूंना दोन पोटं लोंबतात. कॉक एका पोटाला. दुसऱ्या पोटातलं पेट्रोल मधल्या उंचवट्याच्या खाली गेलं, की ते अडकलं. कॉकपर्यंत ते येणारच नाही.

मिस्त्री : म्हणून गाडी साईड स्टँडवर लावायची. डावीकडं कलती, कॉक डावीकडं. उजवीकडचं येतंय बरंचसं.

सर : बरंचसं. सगळं नाही. आणि तुम्ही गाडी मेन स्टँडवर घेतलेली आहे.

मिस्त्री : टॅपेट करायला मेन स्टँडच लागतोय. पण पेट्रोल काढताना साईडला घेतो, मग मेनला. हे पुस्तकात न्हाई सर.

पुस्तकात नसेलही. मोठ्या टाक्यांच्या काही गाड्यांना दोन्ही पोटं जोडणारी एक बारीक नळी खालून असते आणि ती काढायची आहे हे टाकी अर्धी उचलल्यावर लक्षात येतं. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण त्या नळीला कॉक नसतो.

आता तोंडानं ओढण्याचा प्रश्न. टाकीत झाकणातून पाईप घालायचा, दुसरं टोक तोंडात धरून जोरात ओढायचं, पेट्रोल येताना दिसलं की पाईप कॅनमध्ये. महाराष्ट्रात क्वचितच एखादं गाव असेल जिथे रस्त्यात पेट्रोल संपलेल्या मित्रासाठी कुणी हे केलेलं नाही. मिस्त्रीही असंच शिकले.

मिस्त्री : चव जात न्हाई दोन दिवस, एवढंच. गुळाचा खडा खायचा.

सर : चवीचं कौतुक नका सांगू. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं वाईट. पातळ पदार्थ आहे, ठसका लागला की घोटभरसुद्धा श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसं सुजतात. त्यात घरची माणसं काय करतात? मीठ-पाणी पाजून उलटी काढायला लावतात. उलटीतून तेच पेट्रोल दुसऱ्यांदा श्वासनळीत. उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना. हातानं दाबायचा रबरी फुगा बाजारात मिळतो, नळीच्या मध्ये बसवायचा. त्याची किंमत एका मिसळीच्या आसपास.

मिस्त्री : तो फुगा माझ्याकडं हाय. पोरगा वापरतोय.

'पोरगा' म्हणजे हाताखालचा. त्याच्याकडे आपण येऊच.

काढलेलं पेट्रोल ठेवायचं कशात? समोर पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली होती, आणि ती सरांच्या नजरेतून सुटली नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण भांड्याची अट आहे : घट्ट बुचाचं हवं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंतचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. पातळ प्लॅस्टिकची बाटली या यादीत कुठेच बसत नाही. ती लगेच विरघळते असं नाही. पण बूच सैल होतं, उन्हात बाटली फुगते, आणि घरात ती पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली जाते. शेवटचा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. म्हणून पत्र्याचा झाकणाचा डबा हवा, त्यावर नरसाळं, आणि डबा जमिनीवर टेकलेला. दुचाकीवर किंवा हातात अधांतरी धरून भरायचा नाही, कारण वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विजेचा भार साठतो आणि तो जमिनीत जायला वाट लागते.

एवढं ऐकून मिस्त्री हसले.

मिस्त्री : सर, तुमच्या ह्या सगळ्या नियमांनी काम करायचं तर दिवसाला एक गाडी होईल. इतकी वर्षं करतोय, एक ठिणगी न्हाई पडली.

सर : पडली नाही हे खरं. पण त्याचं श्रेय पद्धतीला द्यायचं की वाऱ्याला, हे तुम्हाला सांगता येईल का? तुमचं गॅरेज समोरून उघडं आहे. पेट्रोल उणे ४० अंशालासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. कोल्हापुरात ३५ अंश असताना ते काय करत असेल? ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं की पेटायला तयार. कपभर, म्हणजे १०० मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर हजार लिटरहून जास्त हवा पेटण्याजोगी होते. आणि पलीकडे काय चाललंय?

पलीकडे ग्राइंडर चालू होता. उद्यमनगरात पलीकडे नेहमीच काहीतरी चालू असतं. फौंड्री आणि लेथवर वाढलेली वस्ती आहे ही. मिस्त्रींनी तोंड वळवलं आणि शेजाऱ्याला हाक मारली : "दादा, दहा मिनटं थांब रं, टाकी काढतोय." ग्राइंडर थांबला. त्या हाकेत सवय होती; आज पहिल्यांदा मारलेली हाक तशी येत नाही. म्हणजे मिस्त्रींना वाफ कळते, ते फक्त तिला वाफ म्हणत नाहीत. सरांना ते दिसलं की नाही, कुणास ठाऊक.

ज्यांच्या शेजारी ग्राइंडर नाही त्यांनी खूश होऊ नये. हे काम घरी करणारे बहुतेक लोक इमारतीच्या पार्किंगमध्ये करतात. तळघरातलं पार्किंग असेल तर जड वाफेला जायला जागाच नसते. तळमजल्यावरच्या घरात संध्याकाळी देवापुढे निरंजन लागतं, बाल्कनीत गॅस गिझर आपोआप पेटतो, पाण्याचा पंप चालू होतो. आणि गाडीची स्वतःची बॅटरी आहेच : टाकीचा बोल्ट काढताना पाना चुकून बॅटरीच्या टोकांवर पडला तर ठिणगी तिथल्या तिथे. म्हणून सीट काढली की पहिलं काम बॅटरीची उणे वायर सोडवणं. यावर दोघांचं एकमत होतं, त्यामुळे मी ते इथेच आटोपतो.

उतरवण्याचं प्रत्यक्ष काम मात्र बघण्यासारखं होतं. पाईप काढताना मिस्त्रींनी तो ओढला नाही. पकडीनं क्लिप दाबून आधी पाईपावर मागे सरकवली. मग पाईप जागच्या जागी थोडा पिळला, चिकटलेलं रबर सुटल्याचा कट असा आवाज आला, आणि बोथट स्क्रू ड्रायव्हरनं मागून ढकलत तो उतरवला. ओढला असता तर दोन गोष्टी झाल्या असत्या : एकदम निसटून पेट्रोलचे शिंतोडे उडाले असते, नाहीतर कॉकची पितळी नळीच हलली असती. खाली सुती फडकं होतंच. जुना पाईप कडक झाला असेल तर काढायचाच कशाला, कापून टाकायचा आणि नवा बसवायचा, असं मिस्त्रींचं म्हणणं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. (ते इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघतं, त्यामुळे इथे त्याच्याविरुद्ध फार मोठ्यानं बोलता येत नाही.)

मग मागचा बोल्ट. टाकी मागून चार बोटं उचलली आणि मिस्त्री थांबले, वाकून खाली बघितलं. काट्याच्या सेन्सरची वायर अजून जोडलेली होती. झाकणाच्या खळग्यातलं पावसाचं पाणी बाहेर नेणारी बारीक नळी होती. दोन्ही सोडवल्या. मग टाकी मागे ओढून पुढच्या रबरांतून मोकळी केली आणि उचलली. रिकामी होती तरी आडवी केली नाही, ज्या कोनात गाडीवर होती त्याच कोनात नेली आणि भिंतीकडेच्या जुन्या टायरवर ठेवली, कॉक टायरच्या पोकळीत लोंबता.

सर : हे छान केलंत. माझी मुलं इथेच चुकायची.

मिस्त्री : सगळी इथंच चुकतात. काढताना कुणाचं सांडत न्हाई सर. काढल्यावर सांडतंय. टाकी हातात आली की माणूस खूश होतोय आणि कुठंतरी आडवी टेकवतोय. झाकणाला वरनं हवा जायला भोक असतंय, तिथनं पाझर सुरू. नाहीतर सपाट फरशीवर ठेवतोय, टाकीचा सगळा भार कॉकवर. कॉक वाकला, पॅकिंग गेलं.

माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात कामाचं वाक्य हे. सर आणि मिस्त्री दोघंही इतका वेळ टाकी गाडीवर असतानाच्या पेट्रोलबद्दल भांडत होते. पण कॉक धड असेल आणि पाईप नीट काढला असेल, तर उतरवण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात सांडण्यासारखं फारसं काही नसतं. सांडतं ते ओतताना, टेकवताना, फडकं पिळताना आणि परत बसवताना. या कामाचं अवघडपण पान्यात नाही, पुढे-मागे काय करायचं ते आधी ठरवण्यात आहे. टाकी कुठे ठेवणार, डबा कुठे आहे, फडकं नंतर कुठे जाणार, हे ठरलेलं नसताना पहिला बोल्ट काढला तर मिस्त्रीही सांडतील आणि सरही.

फडक्याचं तर कुणीच मनावर घेत नाही. पेट्रोल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकलं की तिथे वाफेचा साठा झाला. ते मोकळ्या हवेत, सावलीत पसरून वाळवायचं, घरापासून आणि चुलीपासून लांब.

इथवर मिस्त्रींची सरशी होती असं म्हणायला हरकत नाही. मग सरांनी कोपऱ्यातली दुसरी गाडी दाखवली.

सर : हिचा कॉक बंद करून दाखवा.

ती इंजेक्शनवाली होती. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. या गाड्यांना कॉक नसतो. पंप टाकीच्या आतच असतो आणि पाईपात पेट्रोल साधारण ३ बारच्या दाबानं भरलेलं असतं. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण तिप्पट. किल्ली बंद केली तरी तो दाब लगेच उतरत नाही. कार्बोरेटरच्या सवयीनं इथे पाईप उपसला तर चमचाभर पेट्रोल सांडत नाही, फवारा उडतो, आणि वाकून बघणाऱ्या माणसाचे डोळे नेमके त्याच्या रेषेत असतात. डोळ्यांत गेलंच तर चोळायचं नाही, वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धूत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

मिस्त्री : ती पोरगा करतोय. त्यानं ट्रेनिंग घेतलंय कंपनीचं.

सर : पोरगा पुस्तकाप्रमाणे करतो. मी इतकी वर्षं तेच सांगतोय.

पोरगा, जो इतका वेळ चेन धूत होता, मान वर न करता म्हणाला : "आधी पंपाचा कनेक्टर काढायचा. मग गाडी चालू करायची. पाईपात असलेलं पेट्रोल जाळून ती स्वतःच बंद पडती. एकदा-दोनदा सेल्फ मारून बघायचा. मग किल्ली बंद, बॅटरी काढायची, पाईपावर फडकं धरून लॉकच्या दोन्ही कानांवर दाबायचं आणि सोडवायचं. पक्कड लावायची न्हाई, कान तुटतात."

गंमत बघा. कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची, ही मिस्त्रींची जुनी युक्ती. कंपनीच्या पुस्तकानं तीच इंजेक्शनच्या गाडीसाठी नव्या कपड्यांत आणली : आधी वरचा पुरवठा तोडा, मग इंजिनालाच पाईप रिकामा करू द्या. इंजिन गरम होण्याचा सरांचा आक्षेप मात्र दोन्हीकडे लागू आहे, आणि त्याचं उत्तर दोन्हीकडे थांबणं हेच. इंजेक्शनच्या टाकीतलं पेट्रोल काढायचं तर कॉक नसल्यामुळे वरून, झाकणातून, फुग्याच्या नळीनंच काढावं लागतं. पंपाच्या तळाचं पॅकिंग उगाच उघडू नये. ते परत तसंच बसेल याची खात्री नसते.

बसवल्यावर तपासायची पद्धतही इथे वेगळी. कार्बोरेटरच्या गाडीला कॉक चालू करून किक मारण्याआधी काही मिनिटं पाईपाच्या दोन्ही टोकांकडे नुसतं बघायचं. इंजेक्शनच्या गाडीला किल्ली चालू केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तेवढ्यात जोडावर ओल दिसते का बघायचं, मगच सेल्फला हात लावायचा. वास आला आणि ओल दिसली नाही तर शोध सोडायचा नाही.

मग दोघांचं काय ठरलं? माझ्यापुरतं मी असं ठरवलं : टाकीत पाव हिश्श्यापेक्षा कमी पेट्रोल असेल, आणि बाटलीची परीक्षा कॉकनं पास केली असेल, तर मिस्त्रींचं ऐकावं. पेट्रोल काढू नये, टाकी तशीच उतरवावी. टाकी अर्ध्याच्या वर असेल, कॉक पाझरत असेल किंवा उचलणारा माणूस एकटा आणि नवखा असेल, तर सरांचं. सर याला तडजोड म्हणाले आणि मिस्त्री म्हणाले, मी दुसरं काय सांगत होतो.

बॅटरीसारखाच आणखी एका बाबतीत दोघांत वाद झालाच नाही, आणि ती या सगळ्यांत जास्त धोक्याची. रिकामी टाकी. कुणाची तरी गंजून गळणारी टाकी वेल्डिंगला जायची होती.

सर : भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत पेटायला हवाच कमी पडते. रिकामी केली, झाकण उघडं ठेवलं, हवा आत गेली, की मिश्रण बरोबर पेटण्याजोगं होतं. आणि लोक समजतात, पेट्रोल नाही म्हणजे धोका नाही.

मिस्त्री : पेट्रोल नसलेली टाकीच उडती. नावं सांगू शकतो.

त्यांनी सांगितलीही. मी इथे लिहीत नाही.

सांधणारे जाणते लोक टाकी गरम पाण्यानं आणि साबणाच्या पावडरीनं अनेकदा धुतात, कॉक आणि सेन्सर काढून भोकं मोकळी ठेवतात, आणि मग गळक्या जागेच्या खालपर्यंत पाणी भरूनच ज्योत जवळ आणतात. पाण्यामुळे वाफेला आत फारशी जागा उरत नाही. नुसती उन्हात वाळवलेली टाकी सुरक्षित नसते, कारण गंजाच्या थरात आणि पत्र्याच्या सांध्यात मुरलेलं पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेनं पुन्हा बाहेर येतं.

तुमची टाकी अशी सांधायला जाणार असेल, तर ती देताना आतमध्ये पेट्रोल होतं हे तोंडानं सांगा, आणि तुमच्यासमोर पाणी भरल्याशिवाय ज्योत लावू देऊ नका. समोरचा माणूस घाईत असेल आणि "काही होत नाही" म्हणाला, तर टाकी उचलून परत घेऊन या.